स्वस्थांची वैद्यकी: आरोग्यविमा आणि कुटुंबनियोजनाचें केंद्र

आयुर्वेदाच्या आचार्यांनीं वैद्यकाचें प्रयोजन दुहेरी मानलें आहे. निरोग्याचें आरोग्य राखणें हें पहिलें, आणि आजाऱ्याचा विकार शमविणें हें दुसरें. निरोग्याचा क्रम आधीं लावला आहे तो सहेतुक होय. ज्या समाजांत केवळ रोगीच वैद्याचा उंबरठा चढतो, त्या समाजानें वैद्यकाचा निम्मा उपयोग वायां दवडला असेंच म्हणावें लागेल. हा जुना भेद आज पुन्हा आठवण्यास एक निमित्त घडलें आहे. ता. १ जुलै २०२४ पासून महाराष्ट्रांतील प्रत्येक कुटुंबास, मग त्याची शिधापत्रिका पिवळी असो, केशरी असो वा पांढरी असो, वर्षाकांठीं पांच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचाराचें संरक्षण सरकारनें देऊं केलें आहे. ज्यांच्या घरीं हृदयाची शस्त्रक्रिया किंवा कर्करोगाचा उपचार झाला असेल, त्यांस या गोष्टीचें मोल सांगावयास नको. जमीन गहाण न टाकतां माणूस वांचतो, ही लहान गोष्ट नव्हे.

तथापि विचारी गृहस्थानें आणि गृहिणीनें एक प्रश्न मनाशीं अवश्य विचारावा. जिला कोणताहि रोग नाहीं, जिला दुसरें मूल तीन वर्षांनीं हवें आहे, किंवा दोन झाल्यावर तिसरें नकोच आहे, अशा धडधाकट तरुण स्त्रीस या विस्तारापासून काय मिळतें? आणि तिच्यासाठीं गांवोगांव जें लहानसें केंद्र चालतें, त्याचें या मोठ्या व्यवस्थेंत पुढें काय व्हावयाचें? या प्रश्नाची चर्चा वृत्तपत्रांतून फारशी होत नाहीं, आणि घरांतून तर मुळींच होत नाहीं. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम योजनेचा क्रम पाहूं. ता. २ जुलै २०१२ रोजीं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नांवानें राज्याच्या आठ जिल्ह्यांत तिचा आरंभ झाला. त्या आठांत नगर नव्हतें. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती सर्व राज्यास लागू झाली, तेव्हां आपला जिल्हा तींत आला. (२०२४ सालीं जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे, जुन्या संवयीनें लेखणींतून नगर उतरलें तर वाचकांनीं तें चालवून घ्यावें.) त्या वेळीं संरक्षणाची मर्यादा कुटुंबामागें दीड लाख रुपयांची होती, आणि लाभ मुख्यतः पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांच्या कुटुंबांपुरता होता. २०१७ सालीं योजनेस महात्मा जोतीराव फुले यांचें नांव देण्यांत आलें. २०१८ सालीं केंद्र सरकारनें आयुष्मान भारत योजना सुरू केली, आणि १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रांत त्या दोहोंची सांगड घालण्यांत आली. २८ जुलै २०२३ च्या शासननिर्णयानें ती सर्वांस खुली करण्याचें ठरलें, व वर्षभरानें तें अमलांत आलें.

आतां विम्याचा मूळ स्वभाव कोणता तें पाहिलें पाहिजे. विमा म्हणजे अकल्पित संकटाची वांटणी. हजारांवर न येणारें संकट एकावर येतें, त्याचा भार हजारांनीं थोडा थोडा उचलावा, ही त्यामागील कल्पना. त्यामुळें विम्याचा सारा व्यवहार घटनेभोंवतीं फिरतो. रोग झाला, रुग्ण दाखल झाला, ठराविक यादींतील उपचार झाला, रुग्णालयानें दावा पाठविला, पैसे मिळाले. आपल्या राज्याच्या योजनेंतहि ठरलेल्या उपचारांची यादी आहे आणि लाभ मुख्यतः दाखल रुग्णासाठीं आहे. आयुष्मान भारत योजनेंत तर बाह्यरुग्ण विभागांतील तपासणी, सल्ला व औषधें हीं स्पष्टपणें वगळलेलीं आहेत.

कुटुंबनियोजनाचा व्यवहार याच्या अगदीं उलट वळणाचा आहे. तेथें संकट आलेलें नसतें. तें येऊं नये म्हणून आधीं विचार करावयाचा असतो. हा विचार एकदां करून भागत नाहीं. लग्न झाल्यापासून पंधरा-वीस वर्षें तो चालूच असतो, आणि वयाप्रमाणें, प्रकृतीप्रमाणें, मुलांच्या संख्येप्रमाणें बदलतो. त्यास खाट लागत नाहीं, भूल लागत नाहीं. बहुतेक वेळां लागते ती एक खोली, एक दरवाजा जो बंद करतां येतो, आणि न लाजवितां बोलणारी एक जाणती बाई. अशा अर्ध्या तासाच्या बोलण्याचा दावा कोणी कोणाकडे पाठवावा? विम्याच्या खातेवहींत या कामाची एक ओळहि उमटत नाहीं.

सरकारी योजनेंतच असें आहे आणि खाजगी विम्यांत नाहीं, असें कोणी समजूं नये. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं मेडिक्लेमची पॉलिसी असते. तिच्यांतील वगळलेल्या बाबींची यादी वाचण्याचे कष्ट फार थोडे घेतात. विमा नियामक व विकास प्राधिकरणानें २०१९ सालीं या वगळणुकीची भाषा सर्व कंपन्यांसाठीं एकसारखी ठरवून दिली. तींतील सतरावें कलम काढून पाहावें. कोणत्याहि प्रकारच्या गर्भनिरोधनाचा आणि नसबंदीचा खर्च त्यानें वगळलेला आढळेल. वंध्यत्वावरील उपचारहि त्याच कलमांत बसविलेले आहेत. म्हणजे मूल हवें असलेली स्त्री आणि मूल नको असलेली स्त्री, दोघींनाहि विम्यानें एकाच वाक्यांत निरोप दिला आहे.

मग उपकेंद्रांत तांबी बसवितात, गोळ्या देतात, शस्त्रक्रिया करतात, तें फुकट कसें? तें विम्यामुळें फुकट नाहीं, हें नीट ध्यानीं घेतलें पाहिजे. कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हिंदुस्थान सरकारनें १९५२ सालीं सुरू केला. सरकारी पातळीवर असा कार्यक्रम हातीं घेणारें हें जगांतील पहिलें राष्ट्र. त्याचा पैसा निराळ्या कप्प्यांतून येतो, त्याचीं माणसें निराळीं नेमलेलीं असतात. सारांश, आज आरोग्याच्या एकाच घरांत दोन चुली आहेत. एक विम्याची, मोठी आणि धगधगती. दुसरी प्राथमिक आरोग्याची, मंद आंचेची. पहिलीच्या जाळाकडे सर्वांचें लक्ष गेलें म्हणजे दुसरींत लांकूड घालावयाचें राहून जातें, ही खरी भीति आहे.

ही दुसरी चूल ज्यांनीं पेटविली त्यांस सरकारचें साह्य नव्हतें. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें. लंडनमध्यें मेरी स्टोप्स यांचें केंद्र निघालें तेंहि त्याच वर्षीं. रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक. या कार्यापायीं त्यांस १९२५ सालीं विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून अखेरपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें. त्यांच्यावर खटले झाले, आणि १९३४ च्या खटल्यांत त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मांडली. पुढें पुण्यांत शकुंतलाबाई परांजपे यांनीं हेंच कार्य अनेक वर्षें चालविलें. ज्या घरांतून मासिकें येत, पुस्तकें येत, अशाहि कित्येक घरांत त्या काळीं हा विषय उच्चारणें निषिद्ध होतें. रघुनाथरावांच्या निंदकांत अडाण्यांपेक्षां सुशिक्षितांचाच भरणा अधिक होता, हें आपण प्रांजळपणें कबूल करावें.

या इतिहासांत आपल्या जिल्ह्याचाहि वांटा आहे, तो फारसा कोणास ठाऊक नसतो. १० नोव्हेंबर १९३८ रोजीं मुंबईच्या विधानसभेंत संततिनियमनाच्या साधनांचा व माहितीचा प्रसार सरकारनें करावा अशा आशयाचा बिनसरकारी ठराव आला. तो मांडणारे सभासद प्रभाकर जनार्दन रोहम हे अहमदनगर दक्षिण मतदारसंघांतून निवडून आलेले, आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे होते. भाषण बाबासाहेबांनीं तयार केलें होतें. ते स्वतः त्या दिवशीं हजर नसल्यामुळें तें रोहमांनीं केलें. ठराव मोठ्या बहुमतानें फेटाळला गेला. चौदा वर्षांनीं तेंच धोरण साऱ्या देशाचें झालें. ठरावाचा रोख शस्त्रक्रियांच्या संख्येवर नव्हता. माहिती आणि साधनें लोकांच्या हातीं जावींत, एवढेंच मागणें होतें. केंद्राचा मूळ आत्मा तो हाच.

तो आत्मा पुढें कोठें नांदला हें पाहावयासहि जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाहीं. १९७० सालीं डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य जामखेडास आलें. अवर्षणाचा तालुका, दारिद्र्य पांचवीला पुजलेलें, आणि जातिभेद कडक. त्यांनीं गांवांनींच निवडून दिलेल्या स्त्रियांस आरोग्याचें शिक्षण दिलें. त्यांतील पुष्कळ जणी प्रारंभीं निरक्षर होत्या, आणि कित्येक त्या वेळीं अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या जातींतील होत्या. बाळंतपण कसें करावें, मुलास जुलाब झाले तर काय द्यावें, दोन मुलांत अंतर कसें ठेवावें, हें या बायांनीं शेजारणीच्या ओसरीवर बसून सांगितलें. प्रकल्पानें प्रसिद्ध केलेल्या आकड्यांप्रमाणें १९७१ सालीं तेथें हजार जिवंत जन्मांमागें १७६ अर्भकें दगावत. १९९६ च्या सुमारास हें प्रमाण २६ वर आलें. त्याच काळांत जन्मदर ४० वरून २० वर उतरला. संततिनियमन करणाऱ्या जोडप्यांचें प्रमाण प्रारंभीं शेंकडा एकहि नव्हतें, तें साठपर्यंत चढलें. आरोळे दांपत्यास १९७९ सालीं मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या आकड्यांतील कार्यकारणभाव समजून घेण्याजोगा आहे. जन्मलेलें मूल जगेल अशी खात्री आईस वाटूं लागली, म्हणून तिनें पुढचें मूल लांबविलें. जी बाई जुलाबावर मीठ-साखरेचें पाणी सांगते, तिचाच गोळीविषयींचा शब्द ऐकला जातो. विश्वास एका कामांत मिळतो आणि दुसऱ्या कामांत खर्चीं पडतो. असा विश्वास कोणत्याहि दाव्याच्या यादींत बसत नाहीं, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर तो ऐन वेळीं निर्माणहि करतां येत नाहीं.

आतां उलट बाजू पाहूं. केंद्राचा सल्ला मागें पडून शस्त्रक्रियेची मोजणीच पुढें आली म्हणजे काय होतें, याचा अनुभव देशानें घेतला आहे. १९७६-७७ या एका वर्षांत हिंदुस्थानांत ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. सक्तीच्या नसबंदीचें विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळानें १९७६ सालीं संमतहि केलें होतें. राष्ट्रपतींची संमति न मिळाल्यामुळें तें कायदा झालें नाहीं. त्या वर्षांनीं लोकांच्या मनांत जी धास्ती बसली ती पुढें कार्यक्रमाचें नांव ‘कुटुंबकल्याण’ असें बदलूनहि लवकर गेली नाहीं. १९९६ सालीं वरून लादलेलीं उद्दिष्टें कागदोपत्रीं काढून टाकण्यांत आलीं, पण शिबिरांची रीत राहिली. नोव्हेंबर २०१४ मध्यें छत्तीसगडांत बिलासपूरजवळ एका शिबिरांत कांहीं तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकण्यांत आल्या, आणि त्यानंतर १३ स्त्रिया मृत्यु पावल्या. त्या सर्व तरुण होत्या, निरोगी होत्या. त्या रोगानें मेल्या नाहींत, निष्काळजीपणानें मेल्या.

विम्याचा आणि कुटुंबनियोजनाचा पहिला ठळक संबंध आला तो या अनर्थांच्याच वाटेनें. नसबंदी शिबिरांतील हयगयीविषयीं रमाकांत राय यांनीं केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं आदेश दिले, आणि त्याच वर्षाच्या २९ नोव्हेंबरपासून नसबंदीनंतरचा मृत्यु, गुंतागुंत वा अपयश यांसाठीं विमायोजना सुरू झाली. १ एप्रिल २०१३ पासून विमा कंपनीस मधून काढून राज्यांनीं स्वतःच भरपाई द्यावी असें ठरलें. घरीं सोडल्यापासून सात दिवसांच्या आंत मृत्यु झाल्यास दोन लाख, आठ ते तीस दिवसांत झाल्यास पन्नास हजार, शस्त्रक्रिया अयशस्वी झाल्यास तीस हजार, आणि गुंतागुंतीच्या उपचारास पंचवीस हजारांपर्यंत, अशा त्या वेळच्या रकमा होत्या. पुढें त्या वाढविण्यांत आल्या. १४ सप्टेंबर २०१६ रोजीं देविका बिस्वास यांच्या अर्जावर निकाल देतांना सर्वोच्च न्यायालयानें तीन वर्षांत शिबिरांची पद्धति बंद करण्यास सांगितलें.

भरपाईची ही सोय न्याय्य आहे. वाचकांनीं ती ध्यानांत ठेवून गरजू कुटुंबांस सांगावी, कारण अर्ज करण्याचें ज्ञान नसल्यामुळें हक्क बुडतात. परंतु तिचें स्वरूप पाहा. शस्त्रक्रिया बिघडली तर पैसे आहेत. शस्त्रक्रियेपूर्वीं अर्धा तास बोलून, तिला दुसरीं साधनें दाखवून, तिची निवड तिला करूं दिली, तर त्या अर्ध्या तासास किंमत नाहीं.

याहून गंभीर गोष्ट गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची आहे. ज्या कामास पैसा मिळतो तें काम वाढतें, हा व्यवहाराचा नियम रुग्णालयांसहि लागू आहे. छत्तीसगडांत २०१२ सालीं राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या पैशांसाठीं गरज नसतांना स्त्रियांचीं गर्भाशयें काढल्याच्या तक्रारी उघडकीस आल्या. बिहार व राजस्थान येथूनहि तशाच तक्रारी आल्या, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यांत ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची पाहणी २०१९ सालीं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें केली. ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. तेथें पैसा बव्हंशीं विम्याचा नव्हता, उचलीचा आणि कर्जाचा होता. पण दुखण्याचें मूळ तेंच. लहान वयांत लग्न, लागोपाठ बाळंतपणें, पांढरें जाणें, ओटीपोटांतील दुखणें, आणि फडावर आडोसाहि नाहीं. या बाईस पहिल्या दहा वर्षांत एखादें चांगलें केंद्र भेटतें, तर तिच्यावर सुरी चालविण्याची वेळ बहुधा येती ना.

पाथर्डी, शेवगांव, जामखेड हे आपले तालुके बीडला लागूनच आहेत, आणि दिवाळीच्या सुमारास तेथूनहि टोळ्या कारखान्यांकडे निघतात. तिकडील शाळांत त्या दिवसांत बाकें रिकामीं होतात हें तेथील प्रत्येक मास्तरास ठाऊक आहे. अशा कुटुंबाजवळ आज विम्याचें कार्ड असूं शकतें, आणि तें राज्यांत कोठेंहि चालतें. पण उपकेंद्रांतील नर्सबाई गांवांत राहते आणि बाई सहा महिने गांवाबाहेर असते. तीन महिन्यांनीं घ्यावयाचें ‘अंतरा’ इंजेक्शन, किंवा लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेंत निघालेली ‘छाया’ ही आठवड्याची गोळी, हीं दोन्हीं साधनें सरकारी कार्यक्रमांत २०१७ पासून आलीं आहेत. तीं चांगलीं आहेत, पण दोहोंसहि पाठपुरावा लागतो. पुढच्या तारखेस बाई कोठें असेल हें विचारणारें आणि तेथल्या केंद्रास कळविणारें कोणी तरी लागतें.

इतकें सांगून झाल्यावर विम्याच्या विस्ताराचा जो लाभ केंद्रांस होऊं शकतो, तोहि न्यायानें सांगितला पाहिजे. विमा सर्वथैव कुटुंबनियोजनाचा वैरी आहे असें नाहीं. १९४८ च्या कायद्यानें उभारलेल्या कामगार राज्य विमा योजनेंत नसबंदी करून घेणाऱ्या कामगारास पूर्ण वेतनाइतका आजारपणाचा लाभ मिळतो. पुरुषास सात दिवस व स्त्रीस चौदा दिवस. म्हणजे विमा मनांत आणील तर निरोग्याच्याहि उपयोगी पडूं शकतो. शिवाय विम्यामुळें जीं कुटुंबें पूर्वीं मोठ्या रुग्णालयाची पायरी चढत नव्हतीं, तीं आतां चढतात. तेथें निमित्तानें आलेल्या स्त्रीस सल्ला देणारी खोली असेल तर एका खेपेंत दोन कामें होतात. विम्याच्या यादींत शिरण्यासाठीं रुग्णालयास स्वच्छतेचे व नोंदीचे नियम पाळावे लागतात, आणि तक्रारीस जागा मिळते. शिबिरांत या दोन्हीं गोष्टी नव्हत्या.

परदेशांचा अनुभवहि असाच संमिश्र आहे. इंग्लंडांत राष्ट्रीय आरोग्यसेवा १९४८ सालीं सुरू झाली, तरी संततिनियमन पहिल्या दिवसापासून तींत नव्हतें. तें काम अनेक वर्षें खाजगी संस्थेच्या केंद्रांनीं वाहिलें. १ एप्रिल १९७४ पासून तें सर्वांस मोफत झालें, आणि पुढील दोन वर्षांत त्या संस्थेचीं केंद्रें आरोग्यसेवेनें आपल्याकडे घेतलीं. तेथें सेवेनें केंद्रें बुडविलीं नाहींत, पोटांत घेतलीं. अमेरिकेंत १९७० च्या कायद्यानें केंद्रांस निराळें अनुदान मिळूं लागलें होतें. २०१० सालीं विम्याचा मोठा कायदा झाला, आणि २०१२ पासून बहुतेक विम्यांनीं गर्भनिरोधनाचा खर्च संपूर्ण उचलावा असा नियम झाला. पुष्कळांस वाटलें कीं आतां अनुदानाच्या केंद्रांची गरज संपली. तशी ती संपली नाहीं. विमा असलेल्या तरुण मुली आणि स्त्रियाहि त्याच केंद्रांत येत राहिल्या. त्याचें एक कारण साधें होतें. विम्याचा कागद घरच्या कर्त्याच्या नांवें जातो, आणि मग कोणती गोष्ट घेतली तें घरांत कळतें. कॅलिफोर्निया राज्यास २०१३ सालीं याच कारणासाठीं गुप्ततेचा स्वतंत्र कायदा करावा लागला.

हें कारण आपल्याकडे दुपटीनें लागू आहे. आपली योजना कुटुंबाची आहे. कार्ड कुटुंबाचें, नोंद कुटुंबाची, आणि मोबाईलवर येणारा संदेश बहुधा पुरुषाच्या हातीं. जिच्या सासरीं पहिल्या वर्षींच पाळणा हलावा असा आग्रह आहे, ती सून कार्ड दाखवून तांबी कशी बसवून घेईल? तिला उपकेंद्राचा मागचा दरवाजाच हवा.

यावरून काय करावें हें सहज सुचतें. पहिली गोष्ट, केंद्राचा पैसा विम्याच्या पैशांत मिसळूं नये. विम्याचा खर्च दरवर्षीं वाढत जाणार हें उघड आहे, आणि आजाऱ्याच्या आकांतापुढें निरोग्याची गरज नेहमींच मागें पडते. म्हणून तो कप्पा निराळा आणि सुरक्षित असावा. दुसरी, जें रुग्णालय सरकारी विम्याचे पैसे घेतें व जेथें बाळंतपणें होतात, तेथें कुटुंबनियोजनाची खोली असणें ही यादींत राहण्याची अट करावी. मात्र तेथें सल्ल्याची सक्ति असावी, साधनाची नव्हे. तिसरी, नर्सबाई व आशा यांच्या कामाचें माप शस्त्रक्रियांच्या संख्येनें घेऊं नये. कितींस सर्व साधनें समजावून दिलीं आणि किती जणी वर्षानें पुन्हा आल्या, यानें घ्यावें. चौथी, या सेवेची नोंद कुटुंबाच्या कार्डावर न उमटतां त्या स्त्रीच्या एकटीच्या नांवें राहावी.

पांचवी गोष्ट पुरुषांविषयींची, आणि ती सरकारानें करावयाची कमी व आपण करावयाची अधिक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें देशांत शेंकडा ३७.९ विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पुरुषांच्या नसबंदीवर विसंबलेल्या जोडप्यांचें प्रमाण शेंकडा ०.३ होतें. वैद्यकदृष्ट्या पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी, पोट न उघडतां होणारी आहे, आणि तरीहि प्रमाण असें. महाराष्ट्राचा जननदर त्याच पाहणींत स्त्रीमागें १.७ होता, म्हणजे लहान कुटुंबाची गोष्ट लोकांस पटलेली आहे. तिचा भार मात्र एकाच बाजूनें उचलला जात आहे. या बाबतींत सुशिक्षितांच्या घरांनीं आपणांस वेगळें समजण्याचें कारण नाहीं.

आमच्यासारख्या कुटुंबांस उपकेंद्राची काय गरज, असें कोणी म्हणेल. खाजगी डॉक्टरीणबाई आहेत, पैसा आहे, हें खरें. पण ज्या घरांत विमा आहे, पॉलिसी आहे, पुस्तकें आहेत, त्या घरांतून सासरीं जाणाऱ्या मुलीस या विषयाचें चार शब्दांचें शहाणपण किती आया देतात? आणि मुलास तर बापाकडून एक शब्दहि मिळत नाहीं. त्याचें शिक्षण मित्रांकडे आणि मोबाईलकडे सोंपविलेलें असतें. रघुनाथराव कर्वे आयुष्यभर ज्या मौनाशीं भांडले तें मौन अद्याप आपल्या बैठकींत बसलेलें आहे. सरकारी विमा तें उठवूं शकत नाहीं.

तेव्हां प्रत्येक वाचकानें दोन लहान कामें करावीं. आपली पॉलिसी काढून तींतील वगळलेल्या बाबी घरांतील मुलामुलींसमक्ष मोठ्यानें वाचाव्या. विषयास तोंड फुटण्यास तेवढें निमित्त पुरेसें आहे. आणि आपल्या घरीं धुणेंभांडीं करणाऱ्या, शेतावर येणाऱ्या, शेजारीं राहणाऱ्या स्त्रीस जवळचें उपकेंद्र कोठें आहे, तेथें नर्सबाई कोणत्या दिवशीं असते, आणि तेथें काय काय मोफत मिळतें, हें सांगावें. केंद्र ओस पडलें म्हणजे तें बंद करावयास कारण मिळतें. तें गजबजलेलें राहिलें तर त्यास हात लावण्याचें धाडस सहसा कोणी करीत नाहीं.

विम्याचें कार्ड प्रत्येक घरीं असावें आणि तें वापरण्याची पाळी कमीत कमी यावी, हीच कोणाहि शहाण्या माणसाची इच्छा असणार. ती पाळी कमी आणण्याचें काम ज्या खोलींत होतें, तिच्या दिव्याला तेल कमी पडूं न देणें हें सरकारचें कर्तव्य तर आहेच, पण जाणत्या गृहस्थाश्रमाचेंहि आहे.